तरंगती फरशी आणि लातूरचे ड्रम

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी खाली बघतो. लोकांना वाटतं, नाना फार लाजाळू आहेत. लाजाळू कसला? पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली, तेव्हा मी तिच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीच्या पायाशी सुटून आलेल्या स्कर्टिंगच्या पट्टीकडं बघत होतो. परत येताना बायकोनं विचारलं, पोरगी कशी वाटली, तर मला काही सांगता येईना. बायको म्हणाली, "तुमाला आता नुसत्या फरश्याच दिसून राहिल्या. मानसं दिसंनात."

खरं आहे तिचं. नांदेड आणि लातूर या दोन गावांत मिळून मी उभं आयुष्य गुडघ्यांवर काढलं. वडील शहाबादी फरशी बसवायचे. मी टाईल्सपासून सुरुवात केली, आणि लाकडासारखी दिसणारी लॅमिनेट आणि विनाईल आपल्याकडं आली तेव्हा तिच्यात शिरलो. आता काम सोडल्यातच जमा आहे. राजीनामा गुडघ्यांनी दिला, मी नुसती सही केली. तरी रोज एखादा फोन येतोच. "नाना, फरशी उचलली." "नाना, फरशी वाजून राहिली." ऐकूनच थकायला होतं, कारण पुढचं सगळं मला पाठ असतं.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची फळी. वर लाकडाचं चित्र आणि त्यावर कडक थर. ही फळी खाली चिकटवत नाहीत. खाली पातळ फोम अंथरायचा, फळ्या एकमेकींत अडकवायच्या आणि अख्खी फरशी खोलीत सतरंजीसारखी नुसती ठेवून द्यायची. तिला आम्ही तरंगती फरशी म्हणतो. हवेत ओल आली की ती फुगते, हवा कोरडी झाली की आकसते. म्हणून चारी भिंतींच्या कडेनं करंगळीएवढी फट सोडायची आणि ती स्कर्टिंगखाली झाकायची. फरशीला हलायला जागा पाहिजे, एवढंच यातलं शास्त्र. विनाईलचं तसं नाही. ती रबरासारखी, गोंदानं खाली चिकटवायची. पाण्याला घाबरत नाही, पण खालचं सगळं वर सांगते. वाळूचा एक कण राहिला तरी वर पुटकुळी दिसणार.

आता एवढं साधं शास्त्र, पण ते पाळू देईल तो गिऱ्हाईक कसला.

नांदेडला एका साहेबांच्या बंगल्यात वास्तुशांती होती. चैत्राचं ऊन, फळ्यांचे खोके टेम्पोत तापून आलेले. फळ्या आणल्या की दोन दिवस त्याच खोलीत आडव्या पडू द्याव्या लागतात, तिथली हवा त्यांच्या अंगवळणी पडावी लागते. मी तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "नाना, भटजींनी मुहूर्त काढलाय." मी म्हटलं, "साहेब, फळ्यांना बी मुहूर्त लागतो." ते हसले आणि म्हणाले, बसवा. बसवली. पूजेच्या दिवशी फरशी इतकी देखणी दिसत होती की साहेबांच्या सासऱ्यांनी मला बोलावून जेवायला बसवलं. उन्हाळा संपेपर्यंत फळ्याफळ्यांत फटी पडल्या. मग साहेबांच्या आईनं काय करावं? मुंग्या येतात म्हणून भिंतीकडंची स्कर्टिंग पोरांकडून काढवली आणि मी मुद्दाम सोडलेल्या फटीत व्हाईट सिमेंट भरून घेतलं. आषाढात फरशी फुगली, तिला जायला जागा राहिली नाही, आणि दिवाणखान्यात मधोमध टेंगूळ आलं. साहेबांचा फोन आला, "नाना, तुमच्या मालात खोट होती." मी काय बोलणार? जाऊन सिमेंट कोरून काढलं. म्हातारी बाजूला बसून म्हणाली, "एवढी फट ठेवाया तुमाला मापं कळंनात का?" मी म्हटलं, "चुकलं आई." भांडायला सुद्धा अंगात जोर लागतो.

लातूरला एका शिकवणीवर्गात त्याहून बहार झाली. तिथं पोरांच्या रेटारेटीनं बाकडी सरकत होती. मालकानं माझ्या मागं मिस्त्री बोलावून प्रत्येक बाकड्याचा पाय स्क्रूनं फरशीत आणि फरशीतून खालच्या सिमेंटात ठोकून टाकला. म्हणजे तरंगत्या फरशीला जागोजागी खिळलं. दोन महिन्यांत फळ्या अशा वाजायला लागल्या की गणिताच्या सरांना शिकवता येईना. मालक मला म्हणाला, "फरशी घट्ट बसवली तर बिघडली कशी?" त्याला समजावलं. त्यानं मान डोलावली आणि वरच्या मजल्यावर परत तेच केलं. पळसाला पानं तीनच.

ही उदाहरणं मी हसत सांगतो. चारचौघांत सांगितली की लोक टाळी देतात. पण एक घर असं आहे की ते सांगताना मला हसू येत नाही.

आमच्या नांदेडला सुजाता वाघमारे म्हणून एक सिस्टर आहे, दवाखान्यात नोकरीला. तिच्या फ्लॅटमध्ये मी लॅमिनेट बसवून दिली होती. शांत पोरगी, कामात मध्ये मध्ये करणारी नाही. एक दिवस तिचा फोन आला. "जयभीम नाना. लातूरला आईच्या घरी एक खोली करायची हाय. जरा घाई हाय."

घाईचं कारण तिचे वडील. वाघमारे दादा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा अगदीच गेली असंही नाही. जन्मभर गाडीत जे ओरडले तेवढं तोंडात राहिलं होतं. भूक लागली तरी "पुढं सरका", दुखलं तरी "पुढं सरका", लेकीला बघून डोळे भरून आले तरी "पुढं सरका". आधी सगळे रडले, मग सगळे त्यावरून थोडं हसायला शिकले, आणि दादाही हसायचे.

डॉक्टरांनी सुजाताला स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्या काही महिन्यांत जेवढं अंग परत येईल तेवढंच येईल. चालवा, रोज चालवा, भीती बसू देऊ नका. आणि घरात तर चकचकीत टाईल्स. अनवाणी पाय सटकायचा, चप्पल घातली तर उजवा पाय फरफटायचा. सुजाताला तिच्या घरासारखी खरखरीत, उबदार फरशी बापाच्या पायाखाली पाहिजे होती. एकुलती एक लेक, तीही नांदेडला. इकडं लातूरला आई एकटी त्यांना उठवणार, बसवणार. दादा चालले तर ते दोघं आपल्या घरात राहतील. नाही चालले तर एकटी बाई एवढा गडी किती दिवस उचलणार? हे सगळं त्या फरशीवर येऊन ठेपलं होतं, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी आणि माझा जोडीदार रफीक, दोघं लातूरला गेलो. सुजाताची आई दारातच उभी होती. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, मग मीही अक्काच म्हणायला लागलो. बारीक अंगाची, सरळ बोलणारी बाई. खोलीत शिरलो आणि मी नेहमीप्रमाणे खाली बघितलं. भिंतीला लागून निळे ड्रम. पाण्याचे, काठोकाठ भरलेले, वर ताटं झाकलेली. इकडच्या भिंतीला तीन, तिकडच्या भिंतीला तीन.

लातूरच्या माणसाला हे सांगायला नको. इथं नळ आठवड्यानं येतो, कधी दहा दिवसांनी येतो, आणि कधी येणार ते नळालाच माहीत. ज्या वर्षी या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी भोगलं त्यांच्या घरातून ड्रम कधीच गेला नाही. सोनं एकवेळ बँकेत ठेवतील, पाणी डोळ्यांसमोर पाहिजे. मी अक्कांना सांगितलं, "अक्का, ही फरशी तरंगती हाय. दोन्ही भिंतींना एवढं वजन ठेवलं की ती दोन्हीकडून दाबली जाती, तिला सरकता येत न्हाई. फुगली की मधून उचलणार. ड्रम अंगणात शेडखाली ठेवा. आत नको." अक्का म्हणाल्या, "ठेवू की." गल्लीतली माणसं आली, ड्रम रिकामे करून बाहेर नेले, परत भरले. मी भिंतीकडंची फट नीट सोडली, फोम नीट अंथरला, दाराची चौकट खालून कापून फळी तिच्याखाली सरकवली. माझ्या हातचं ते चांगल्या कामांपैकी एक होतं, हे मी आजही म्हणेन.

आणि दादा चालायला लागले. सुजाता फोनवर सांगायची. डाव्या हातात चार पायांची काठी घेऊन पलंगापासून दारापर्यंत जातात. परवा दारातून गल्ली बघत उभे राहिले. एका दुधवाल्याला "पुढं सरका" म्हणाले तर तो खरंच सरकला. मला बरं वाटायचं. या धंद्यात असं क्वचित होतं की फरशीमुळं कुणाचं काही बरं झालं असं ऐकू येतं. एरवी लोक सोफ्याचं कौतुक करतात.

आषाढात फोन आला तो अक्कांचा. आवाज कोरडा. "नाना, फरशी उचलली. हे पडले."

अहमदपूर, चाकूर ही लातूरची वाट मला डोळे मिटून माहीत आहे, पण त्या दिवशी गाडीत बसून माझा राग वाढतच गेला. मला माहीत होतं काय झालं असणार. ड्रम आत आणले असणार. सांगून सांगून थकलो, आयुष्य गेलं सांगण्यात, आणि लोक मान डोलावतात आणि आपलंच करतात. मनातल्या मनात मी अक्कांना काय काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दारातून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. दोन्ही भिंतींना ड्रम. तीन आणि तीन. आणि बरोबर मधे, पलंग आणि दाराच्या वाटेवर, फरशीला उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. उजवा पाय फरफटत आणणाऱ्या माणसाला अडकायला तेवढा पुष्कळ झाला. दादा पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. कोपराला पट्टी.

मी दारातच सुरू झालो. "अक्का, तुमाला मी काय सांगितलं होतं? का न्हाई सांगितलं? एवढं नीट काम करून दिलं, त्याची ही दशा केली तुमी. आता ह्यांच्या पायाचं काय?" बरंच बोललो. अक्कांनी बोलू दिलं. चहा करून आणला, माझ्यासमोर ठेवला आणि मग खाली बसल्या.

"नाना, तुमी म्हनलाव ड्रम भाईर ठेवा. ठेवले. मी भाईर पानी काढाया गेले की ह्यांच्याजवळ कोन? एक दिवस घागर भरून येस्तोवर हे पलंगावरून खाली. किती येळ पडून होते कुनाला ठावं. हाक मारता येत न्हाई ह्यांना. 'पुढं सरका, पुढं सरका' म्हनत पडले होते. मला वाटलं गल्लीतल्या पोरांना म्हनून राहिलेत. मी हसले बी." अक्कांनी ड्रमांकडं हात केला. "मग मी ड्रम आत आनले. तुमची फरशी मोठी का माझा मानूस?"

रागाची एक गोष्ट बरी असते, तो कुणावर तरी काढता येतो. इथं काढायला कुणी उरलंच नाही. बाई बरोबर होती, मी बरोबर होतो, आणि माणूस पडला होता. मी गार झालेला चहा प्यालो. मला त्या क्षणी एवढंच वाटत होतं की घरी जावं आणि झोपावं.

फरशीपेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं होतं, ते पुढच्या दिवसांत कळलं. पडल्यापासून दादांनी पाय खाली टाकला नव्हता. व्यायाम करून घेणारा मुलगा यायचा, तर दादा तोंड भिंतीकडं करायचे. सुजाता सुट्टी काढून आली, रडली, रागावली, त्यांनी डोळे मिटून घेतले. काठी पलंगाच्या उशाशी तशीच टेकलेली. सुजातानं फोनवर मला सांगितलं, "नाना, दिवस हातातून चालले. डॉक्टर म्हणतात भीती बसली." पोरगी दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या बापांना धीर देते, आणि तिचा आवाज असा फुटलेला मी ऐकला नव्हता.

मी रफीकला घेऊन परत लातूर गाठलं आणि अक्कांना म्हटलं, "ड्रम राहू द्या. फरशी बदलू."

लॅमिनेट काढायची आणि विनाईल चिकटवायची. चिकटवलेली फरशी हलत नाही, तिला वजनाचं भय नाही आणि सांडलेल्या पाण्याचंही नाही. सांगायला सोपं, करायला नाही. विनाईलखाली टाईल्सच्या रेघा राहिल्या तर त्या वर उमटतात. म्हणून आधी टाईल्सवर पातळ सिमेंटचा कोट द्यायचा, तो वाळू द्यायचा, हात फिरवून खडा शोधायचा, मग गोंद, मग विनाईलच्या पट्ट्या, मग वरून रोलर. तोवर खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही. ड्रम तेवढ्यापुरते अंगणात काढले, दादांचा पलंग स्वयंपाकघरात नेला. गल्लीतली दोन माणसं बोलावून आम्ही चौघांनी तो दादांसकट उचलला. दादा काही बोलले नाहीत. "पुढं सरका" सुद्धा नाही.

सिमेंट कालवायला पाणी लागतं. नळ येऊन बरेच दिवस झाले होते आणि पुढं कधी येईल पत्ता नव्हता. मी मागायला कचरत होतो. अक्कांनी स्वतः ताट काढलं आणि बादली बुडवली. भरलेली बादली माझ्यासमोर ठेवताना काठावरचे थेंब त्यांनी हातानं निपटून परत ड्रममध्ये झटकले. एकेक थेंबाची जिला किंमत, ती बाई सिमेंटात बादल्या ओतू देत होती. रफीक मला हळूच म्हणाला, "नाना, कोट एकदाच नीट बसला पाहिजे. दुसऱ्यांदा पानी मागायचं तोंड न्हाई आपलं." बसला. मी अख्ख्या खोलीवर तळहात फिरवला, दोनदा. गुडघे ओरडत होते, ओरडू दिले.

विनाईल चिकटवून झाली, गोंद धरला, तेव्हा दादांचा पलंग परत आणला. ड्रम यावेळी सगळे एकाच भिंतीला लावले, पलंगापासून दाराकडं ओळीनं, अक्कांना हाताशी यावेत म्हणून. प्रत्येक ड्रमखाली प्लायचा तुकडा दिला, नाहीतर कडेचा वण विनाईलवर उमटतो. मग मी दादांच्या समोर उभा राहिलो आणि त्या नव्या फरशीवर पाय आपटून दाखवला, वेड्यासारखा. "दादा, बगा. कुठं बी उचलनार न्हाई. मी सांगतो ना." त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या सांगण्यावर त्यांनी एकदा पाय टाकला होता, असं त्यांच्या डोळ्यांत होतं, किंवा मलाच तसं दिसलं. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. अक्का पदरानं तोंड पुसत स्वयंपाकघरात गेल्या.

संपलं होतं काम. उंबऱ्याशी विनाईलची कड झाकणारी पट्टी तेवढी बसवायची राहिली होती. मला ती बसवायचीही इच्छा उरली नव्हती. आयुष्यभर घरांत फरश्या घातल्या, आणि ज्या एका माणसासाठी घालायची होती तो तिच्यावर पाय ठेवायला तयार नाही, मग ती पट्टी सरळ आली काय आणि वाकडी आली काय. तरी बसलो खाली. सवय.

तेवढ्यात गल्लीत एकच गलका झाला. "पानी येलालंय, पानी येलालंय." दारं उघडली, बाया धावल्या, मोटारी सुरू झाल्या. अक्का पदर खोचून अंगणात पळाल्या. पाईप लावायला रफीकलाही हाक मारून घेऊन गेल्या. खोलीत मी आणि दादा. मी दाराकडं तोंड करून पट्टी घासत होतो. ऊन चढलं होतं, घशाला कोरड पडली होती. मी नेहमीच्या सवयीनं, मागं न बघता म्हणालो, "जरा पानी मिळंल का प्यायला?" आणि म्हटल्यावर मला कळलं की खोलीत दुसरं कोण आहे. स्वतःची लाज वाटली. मी घासत राहिलो.

मागं पलंग करकरला.

मी वळून बघितलं. दादा पलंगाच्या कडेला बसले होते. डाव्या हातानं काठी ओढून त्यांनी जमिनीवर टेकवली. उठायला दोनदा जोर केला, दोनदा परत बसले. तिसऱ्यांदा उठले. मला ओरडायचं होतं, थांबा म्हणायचं होतं, अक्कांना हाक मारायची होती. काहीच केलं नाही. वाटलं, माझ्या आवाजानं दचकले तर जातील. मी उंबऱ्यात गुडघ्यांवर तसाच राहिलो, हातात पट्टी.

ते पहिल्या ड्रमपाशी आले आणि ड्रमला कंबर टेकवून उभे राहिले. एकच हात चालतो माणसाला. त्यात काठी धरली तर तांब्या कसा धरणार? त्यांनी थोडा वेळ त्या काठीकडं बघितलं. मग ती भिंतीला टेकवून ठेवली. ताट बाजूला सारलं, ते खाली पडून गरगरत राहिलं. तांब्या बुडवला. आणि भरलेला तांब्या डाव्या हातात घेऊन, ड्रमांना अंग घासत, एकेका ड्रमच्या आधारानं ते माझ्याकडं यायला लागले. उजवा पाय फरफटत होता. दर पावलाला पाणी हिंदकळून खाली सांडत होतं.

शेवटचा ड्रम संपला. तिथून उंबऱ्यापर्यंत धरायला काहीच नव्हतं. दादा थांबले. त्यांनी खाली बघितलं, जिथं उंचवटा होता बरोबर त्या जागेकडं. मीही तिथंच बघत होतो. इतक्या वर्षांत मी कुठल्या फरशीकडं इतक्या काकुळतीनं बघितलं नसेल. मग त्यांनी पाय टाकला. फरफटलेला पाय आला, ओल्या फरशीवर टेकला आणि टिकला. दुसरा टाकला. परत तो फरफटलेला आला. तांब्या माझ्या तोंडासमोर आला तेव्हा तो अर्धा झाला होता. मी दोन्ही हातांनी तांब्या धरला, त्यांच्या हातासकट. प्यालो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते.

पिऊन झाल्यावर मान वळवली तर अंगणात अक्का उभ्या होत्या. हातात पाईप. ड्रम भरायचा सोडून पाईप त्यांच्या पायावर धो धो वाहत होता, पाणी अंगणातून फाटकाखालून रस्त्यावर चाललं होतं. त्या दादांच्या पायांकडं बघत होत्या. पापणी हलवत नव्हत्या.

शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "अक्का, आवो पानी वाया चाललंय."

"जाऊ दे," अक्का म्हणाल्या. "आज जाऊ दे."